सवलतीतले घर आणि मधली भिंत

माउली, मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हा विषय कधी ना कधी निघतो. घाटकोपरच्या किंवा मुलुंडच्या चाळीतली खोली अपुरी पडते, मुलाचे लग्न ठरायचे असते, आणि कुणीतरी जाहिरात आणून देतो. नवी इमारत, पाडव्यानिमित्त पाच लाखांची सूट, मुद्रांक शुल्क बिल्डर भरणार, शिवाय ‘भाग झपाट्याने सुधारतो आहे’. मग गळ्यात माळ असलेल्या माणसाच्या मनात येते, ही हाव तर नव्हे?

घर हवेसे वाटणे ही हाव नव्हे. आपला पंथ संसारी माणसांचा आहे. गोरोबाकाकांनी मडकी घडवली, सावतोबांनी मळा राखला. घरदार सोडून या असे आपल्याला कुणी सांगितले नाही. तपासायचे ते वेगळेच आहे. ही सूट नेमकी कशाची?

काही सूट साधी असते. ताबा उशिरा मिळणार असतो, किंवा मेट्रो अजून कागदावर असते. घाटकोपर-वर्सोवा मेट्रो ८ जून २०१४ ला खरोखर धावू लागली, पण सगळ्याच आश्वासनांचे तसे होत नाही. इथे व्यवहार चोख पाहावा. महारेराकडे नोंदणी आहे का, ताब्याची तारीख कोणती, चटई क्षेत्र किती, हे विचारायला लाजू नये. करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, हेही ठाऊक असावे. गाफीलपणाला भक्ती म्हणत नाहीत.

कर्जाचेही तसेच. ५० लाख रुपये साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले, तर हप्ता महिना सुमारे ४३,४०० रुपये आणि एकूण परतफेड १ कोटी ४ लाखांच्या घरात जाते. पाच लाखांची सूट या आकड्याशेजारी ठेवून पाहा. तुकोबारायांनी खतेपत्रे इंद्रायणीत बुडवली हे आपण कीर्तनात ऐकतो, पण एक गोष्ट निसटते. परंपरा सांगते की धाकट्या भावाच्या, कान्होबांच्या, वाट्याची निम्मी खते त्यांनी आधी बाजूला काढून दिली. बुडवली ती स्वतःच्या वाट्याची. (आणि ती येणे असलेली खते होती, बँक आपली बुडवणार नाही.) हप्ता कुणाच्या वाट्यातून जाणार, हे म्हणून घरात आधी विचारावे. आईचे औषध, पत्नीचे दागिने, मुलीचे शिक्षण, आषाढीची रजा, हे सगळे आपल्या एकट्याच्या वाट्याचे नसते.

आता जी सूट कुणी जाहिरातीत छापत नाही, तिच्याकडे वळू. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण १९९५ मध्ये झाले. त्याच्या योजनेत बिल्डर पात्र झोपडीधारकांना मोफत घरे बांधून देतो आणि त्याच भूखंडावर विक्रीची इमारत उभी करतो. एका जमिनीवर दोन इमारती. विक्रीच्या इमारतीतले घर आसपासच्या इतर नव्या इमारतींपेक्षा पुष्कळदा स्वस्त मिळते, आणि दलाल आवाज खाली आणून म्हणतो, “काका, काळजी नको, त्यांचे गेट वेगळे आहे. मध्ये भिंत आहे.”

म्हणजे शेजारी कोण राहतो याचे पैसे कापून दिलेले असतात. बाजाराने शेजाऱ्याला उणे धरले, आणि ते उणे आपल्याला फायदा म्हणून दाखवले. मला इथे थांबावेसे वाटते. आळंदीहून निघालेल्या वाटेवर आपण अनोळखी माणसाच्या पाया पडतो, तोही आपल्या पडतो. तू कोणत्या इमारतीतला, असे कुणी विचारत नाही. तोच माणूस मुलुंडला भिंतीपलीकडे राहू लागला की त्याची मुले आपल्या बागेत नकोत, अशा अर्जावर सही करायची का? कारण तसा अर्ज उद्या सोसायटीत येऊ शकतो.

भिंतीची गोष्ट आपल्याला नवी नाही. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. नामदेवरायांनी अस्थी पंढरीला आणल्या, समाधी महाद्वाराबाहेर झाली. आत जाण्याची वाट सर्वांना मोकळी व्हावी म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. त्या समाधीपुढे डोके ठेवल्याशिवाय आपण आत जात नाही.

तेव्हा सवलत घ्यायला माझी हरकत नाही. स्वस्त मिळते म्हणून घ्या, पण कमीपणा म्हणून ज्याची किंमत कापली तो शेजारी तुम्हाला कमी वाटतो का, हे सही करण्याआधी स्वतःला विचारा. वाटत असेल तर ते घर घेऊ नका. दोन्ही इमारतींत राहणाऱ्यांना त्याचा त्रास होईल.

जागा पाहायला जाल तेव्हा नमुना सदनिका बघून लगेच परतू नका. पलीकडच्या इमारतीत जा, एकादशीच्या संध्याकाळी गेलात तर बरे. कुठल्या तरी मजल्यावर टाळ वाजत असतील. बसा थोडा वेळ. मग तिथून तुमच्या होऊ घातलेल्या घरापर्यंत पायी या आणि किती वळसा पडतो ते मोजा.