बोळाची नोंद

नकाशा ही सरकारदरबारची वस्तू आहे, ही समजूत आपल्या धारवाड प्रांतात निदान पावणेदोनशे वर्षे मुरलेली आहे. विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी इंदापूर तालुक्यात बसवलेली जमीनमोजणीची पद्धत ज्या प्रदेशाला इंग्रज दक्षिण मराठा मुलूख म्हणत त्या या भागात आली, १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम इलाखाभर कायम केले, आणि ३३ फुटांची, १६ आण्यांत विभागलेली साखळी घेऊन मोजणीदार शिवारात उतरला. त्या साखळीच्या चौरसाचा गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर, हा हिशेब आजही आपल्या तोंडी आहे. हद्दीचा दगड मूळचा कोठला, ओढा पूर्वी कोणत्या अंगाने वाहत असे, हे ठाऊक असे ते गावकऱ्यांना. नकाशाखाली सही मात्र साहेबाची पडे. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा धारवाडविषयक बाविसावा खंड प्रसिद्ध झाला. त्यातील विपुल तपशील आज आपण कौतुकाने वाचतो, पण ज्या असंख्य कुलकर्णी-पाटलांच्या तोंडून आणि दफ्तरांतून तो गोळा झाला असेल, त्यांच्यापैकी किती जणांची नावे आज कोणाला सांगता येतील?

ज्ञान रयतेचे आणि अधिकार कचेरीचा, ही वाटणी स्वातंत्र्यानंतरही फारशी बदलली नाही. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षण खात्याचे नकाशे वेगळे आणि लोकांसाठी खुले नकाशे वेगळे, अशा दोन मालिका केल्या. २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने मोजणी व नकाशे यांवरील परवान्यांचे जोखड बरेच सैल केले. तथापि परवानगी लागत नाही हे कळल्याने हात आपोआप पुढे होत नाही. आपल्या गल्लीचा नकाशा आपण काढायचा असतो, ही कल्पनाच आपल्याकडील सुशिक्षिताला अजून काहीशी आगाऊपणाची वाटते.

ही कल्पना प्रथम रुजली ती, गंमत म्हणजे, ज्या देशाच्या अंमलदारांनी आपली शिवारे मोजली त्याच देशात. इंग्लंडमधील सरकारी मोजणीखात्याचे नकाशे तेथल्या नागरिकांनाही दाम मोजून आणि अटी मान्य करूनच वापरता येत असत. त्याला कंटाळून २००४ साली स्टीव्ह कोस्ट नावाच्या तरुणाने ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा उपक्रम सुरू केला. ज्याला इच्छा असेल त्याने खाते उघडावे, परवानगी असलेल्या उपग्रहचित्रांवरून किंवा प्रत्यक्ष पाहून रस्ते, इमारती, विहिरी, शाळा यांची नोंद करावी, आणि झालेला नकाशा कोणीही, कोणत्याही कामासाठी फुकट वापरावा, अशी ही रचना आहे. प्रत्येक नोंदीखाली ती करणाऱ्याने घेतलेले नाव आणि तारीख राहते, जुने रूप जपले जाते आणि चूक झाल्यास ते परत आणता येते. कडक मनाई एकाच गोष्टीची: दुसऱ्याच्या मालकीच्या नकाशावरून नक्कल करू नये.

आता प्रश्न असा की, हुबळी-धारवाडच्या माणसाने यात घालायचे काय? उपग्रहाला छप्पर दिसते, छपराखाली काय चालते ते दिसत नाही. मालमड्डीतल्या झाडांच्या छायेत कोणती पायवाट कोणत्या आळीला मिळते, दुर्गदबैलच्या मागच्या गर्दीत कोणता बोळ पुढे भिंतीपाशी संपतो, पावसाळ्यात उणकलच्या तळ्याकडची कोणती वाट चिखलाने बंद पडते, लाइन बाजारात पेढ्यासाठी आलेल्या पाहुण्याने गाडी कोठे लावावी, ‘चिगरी’ बसच्या थांब्यावर चाकाची खुर्ची चढवता येते की नाही, हे बंगळुरूत किंवा कॅलिफोर्नियात बसलेल्या कोणत्याही निष्णात अभियंत्याला सांगता येणार नाही. ते येथल्या टपालवाल्याला, गॅसची टाकी पोचवणाऱ्याला, रिक्षावाल्याला ठाऊक असते. पण त्यांच्यापैकी कोणालाही आपल्यापाशी ज्ञान नावाची काही चीज आहे असे वाटत नाही.

काम किती साधे असू शकते याचा प्रत्यय साधनकेरीच्या बाजूला फिरायला गेलो असता आला. फोनमधील ‘स्ट्रीटकम्प्लीट’ नावाच्या साधनावर मी उभा होतो त्या जागेभोवती लहान लहान खुणा उमटल्या होत्या. एकीवर बोट ठेवले तेव्हा प्रश्न आला, हा रस्ता डांबरी आहे, सिमेंटचा आहे की मातीचा? दुसरीने विचारले, रात्री येथे दिवा असतो काय? तिसरीला एका जिन्याच्या कठड्याची चौकशी होती. मी पाहिले, उत्तर दाबले, आणि पुढे चालू लागलो. याहून कठीण परीक्षा बहुतेकांना द्यावी लागत नाही.

नावांचा विषय मात्र आपल्या भागात नाजूक आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून हुबळी सरकारी कागदांत हुब्बळ्ळी झाली. घरी मराठी बोलणारा अजून हुबळीच म्हणतो. पाट्यांना काळे फासण्याची जी एक दुर्दैवी रीत सीमाभागात पडली आहे, तिला या नकाशात वावच नाही, कारण येथे एकाच जागेला पाटीवरचे कन्नड नाव मुख्य म्हणून लावता येते आणि मराठी, उर्दू, इंग्रजी नावांसाठी, इतकेच काय जुन्या नावासाठीही, स्वतंत्र रकाने असतात. दाजीबानपेठेचे वा मराठा गल्लीचे देवनागरी नाव त्या रकान्यात आपण घातले नाही तर दुसरा कोण घालणार? परंतु जे नाव खरोखर लोकांच्या तोंडी आहे तेच घालावे. ईर्ष्येपोटी नवी मराठी नावे बनवून टाकणे ही नकाशाशीही बेइमानी आहे आणि शेजाऱ्याशीही.

हे सारे घरचे खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणे नव्हे काय, असे व्यवहारी माणूस विचारील, आणि त्याच्या विचारण्यात तथ्य आहे. मेटा, मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन यांच्यासारख्या धनाढ्य कंपन्या हा लोकांनी केलेला नकाशा वापरतात आणि त्यावर पैसाही मिळवतात. परंतु २०१२ पासून लागू असलेल्या परवान्याने त्यांच्यावर श्रेय देण्याचे बंधन आहे, आणि या माहितीत भर घालून ती वाटायची तर ती त्याच अटींवर खुली ठेवण्याचेही. शिवाय ज्या नकाशातून कंपनीला नफा होतो तोच नकाशा जानेवारी २०१० मध्ये हैतीची राजधानी भूकंपाने कोसळली तेव्हा जगभरच्या अनोळखी स्वयंसेवकांनी काही दिवसांत रस्त्यारस्त्याने उभा केला आणि मदतपथकांनी तो हाती धरला. धनिकाला फायदा होऊ नये म्हणून गरजवंताचीही वाट अडवणे हा न्याय मला पटत नाही.

मला भीती वाटते ती निराळ्याच गोष्टीची. आपल्याकडे कोणताही उपक्रम महाविद्यालयात शिरला की त्याचे प्रमाणपत्र होते, आणि मग एका दुपारी संगणकासमोर बसून, जागा न पाहता, नोंदींचे ढीग रचले जातात. अशा नोंदी निस्तरणे कोऱ्या जागेवर नव्याने नकाशा काढण्यापेक्षा जास्त त्रासाचे असते.

तेव्हा १९४७ पासून अभियंते घडवणाऱ्या हुबळीच्या भूमरड्डी महाविद्यालयाच्या परंपरेतील आजच्या विद्यार्थ्यांना, आणि धारवाडात अलीकडे आलेल्या आय.आय.टी.तील मुलांना माझी विनंती आहे की, त्यांनी एखाद्या निवृत्त टपालवाल्या काकांना किंवा तीस वर्षे एकाच वॉर्डात शिकवलेल्या बाईंना सोबत घेऊन पायी हिंडावे. त्यांनी सांगावे, यांनी नोंदवावे. पाऊस सरला की उघडीप मिळते, तेव्हा आपल्या स्वतःच्या गल्लीपासून आरंभ करावा, आणि पाटीवरचे नाव पाटीसमोर उभे राहून वाचल्याखेरीज लिहू नये.