चूल आणि माती

गरीब गृहिणीने शेणाच्या गोवऱ्या चुलीत घातल्या, तर तो मातीविरुद्ध अपराध ठरतो काय? पोलादाच्या भिलाईभोवती, दुर्ग जिल्ह्याच्या भातशेतीत, हा प्रश्न रोजचा आहे. उष्ण प्रदेशात ऊन व पाऊस मातीतील सेंद्रिय अंश झपाट्याने संपवतात. तिथल्या ‘भाटा’ नावाच्या तांबड्या, मुरमाड जमिनीत तो मुळातच थोडा. म्हणून मातीची परतफेड वर्षानुवर्षे करावी लागते. शेण जळाले की परतफेड चुकते. चूल विझली तर लेकरे उपाशी राहतात.

छत्तीसगडच्या शेतकऱ्यांनी याचे उत्तर पूर्वापार बांधावर जपले आहे. भातखाचराच्या बांधावरील बाभूळ सरपण देते, शेळ्यांना शेंगा देते, मुळांच्या गाठींतून मातीला नत्र पुरवते. तिच्या सावलीत भात थोडे उणे होते खरे. पण सरपण मिळाल्यावर शेण ‘घुरव्या’त, म्हणजे उकिरड्यात जाऊन खत होते. २० जुलै २०२० रोजी राज्य सरकारने गोधन न्याय योजनेखाली किलोला २ रुपये दराने शेण विकत घेऊन त्याचे खत करण्यास आरंभ केला होता. त्यामागेही शेणाचे मोल ओळखण्याचाच विचार होता.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मानवाकडे बाग सोपवताना आलेल्या हिब्रू क्रियापदात ‘मशागत करणे’ व ‘सेवा करणे’ हे दोन्ही अर्थ आहेत. भाषांतरकाराला त्यांतून एक निवडावा लागतो. शेतकऱ्याला दोन्ही पाळावे लागतात. तेव्हा मातीच्या सेवेचा उपदेश गरिबाला करण्यापूर्वी त्याच्या सरपणाची चिंता आपण वाहू या. शेजारप्रीतीचा आरंभ तेथूनच होतो.