वाळवंटातल्या रेषा

लॉस एंजेलिसहून इंटरस्टेट 10 धरून पूर्वेकडे निघालं की दीडएकशे किलोमीटरवर सॅन गोर्गोनिओची खिंड लागते. दोन्ही अंगांना पवनचक्क्यांचं रान, उजवीकडे 3,300 मीटर उंचीचा सॅन हासिंटो, आणि गाडी बाजूला ढकलणारा वारा. खिंड ओलांडली की कोचेला खोरं सुरू होतं. सत्तरएक किलोमीटर लांबीच्या या खोऱ्यात नऊ नगरपालिका आहेत. पाम स्प्रिंग्ज, कॅथीड्रल सिटी, रँचो मिराज, पाम डेझर्ट, इंडियन वेल्स, ला किंटा, इंडिओ आणि कोचेला ही गावं राज्य महामार्ग 111च्या आसपास एकापुढे एक लागतात. डेझर्ट हॉट स्प्रिंग्ज तेवढं इंटरस्टेटच्या पलीकडे, उत्तरेच्या डोंगराशी. 111वरून जाताना एक गाव कधी संपलं आणि दुसरं कधी लागलं हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. तीच ताडासारखी झाडं, तीच हिरवळ, तशाच मातकट रंगाच्या भिंती.

दक्षिण कॅलिफोर्नियात तीसचाळीस वर्षं नोकरी केलेली मराठी माणसं आता निवृत्तीला आली आहेत. हिवाळ्यात चार दिवस या खोऱ्यात काढून आलं की त्यांच्यातही प्रश्न निघतो, ‘इथेच एखादं घर घेतलं तर? आणि घ्यायचं तर कुठल्या गावात?’ प्रश्न साधा आहे. त्याची उत्तरं बहुतेक वेळा चुकीच्या गोष्टींवरून दिली जातात, असं माझं मत आहे.

चुकीची म्हणजे कुठली? गोल्फची मैदानं (खोऱ्यात शंभराहून अधिक आहेत, त्यामुळे तो निकष तसाही निकामी), पोहण्याचा तलाव, स्वयंपाकघरातला संगमरवर, आणि गायक सिनात्राचं घर किती जवळ आहे. हे सगळं फेब्रुवारीत पाहिलेलं असतं. फेब्रुवारीत इथे कुठलंही घर सुंदरच दिसतं. 5 जुलै 2024 रोजी पाम स्प्रिंग्जमध्ये 51 अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, तिथला आजवरचा उच्चांक. कॅनडातून आणि अमेरिकेच्या उत्तर भागातून येणारे ‘स्नोबर्ड’ तोवर कधीच परतलेले असतात, काही हॉटेलांनी दारं लावून घेतलेली असतात. सहलीला आलेल्या माणसाला हे ठाऊक असण्याचं कारण नाही. घर घेणाऱ्याला मात्र गावाचे बाराही महिने विकत घ्यावे लागतात.

पण उन्हाळा तरी सगळ्या नऊ गावांना जवळपास सारखाच. गावागावात खरा फरक करतात त्या दुसऱ्याच गोष्टी. वाळवंट मोकळं वाटतं, कुठेही उभं राहावं आणि घर बांधावं असं वाटतं. प्रत्यक्षात ही जमीन रेषांनी इतकी कापलेली आहे की आपल्याकडची वाटण्या झालेली शेतीही त्यापुढे एकसंध म्हणावी.

पहिली रेषा जमिनीच्या मालकीची. 1870च्या दशकात सदर्न पॅसिफिक रेल्वे या खोऱ्यातून गेली. रेल्वे टाकावी म्हणून सरकारने रुळांच्या दोन्ही बाजूंची जमीन चौरस मैलांचे तुकडे पाडून कंपनीला दिली, पण फक्त विषम क्रमांकांचे तुकडे. मग 1876 आणि 1877च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशांनी आग्वा कालिएंते काविया या मूळ रहिवाशांना राखीव जमीन मिळाली, ती सम क्रमांकांची. नकाशावर आजही बुद्धिबळाचा पट दिसतो. एक घर काळं, एक पांढरं, आणि तो पट पाम स्प्रिंग्ज, कॅथीड्रल सिटी, रँचो मिराज या तिन्ही गावांवर पसरलेला. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचं सगळं खोरं होतं, त्यांना त्यातला एकाआड एक चौकोन देऊन ‘राखीव’ म्हणणं ही प्रशासकीय कल्पकता दाद देण्यासारखी आहे.

याचा आजच्या खरेदीदाराशी थेट संबंध आहे. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना सारखीच दोन घरं असतात आणि एकाची किंमत बरीच कमी असते. कमी किमतीच्या घराखालची जमीन भाडेपट्ट्याची असते. घर तुमचं, जमीन जमातीची किंवा जमातीतल्या एखाद्या कुटुंबाची. दरमहा जमिनीचं भाडं वेगळं, आणि पट्ट्याची वर्षं सरत आली की बँका कर्ज द्यायला कां-कू करतात. नवी मुंबईत सिडकोच्या पट्ट्यावर घर घेतलेल्यांना यात नवल वाटणार नाही, पण ‘अमेरिकेत सगळं फ्रीहोल्ड’ अशा समजुतीत असलेला माणूस इथे दचकतो. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त बाई मात्र दचकल्या नाहीत. दलालाने पट्ट्याची चाळीस वर्षं उरली आहेत असं जरा चाचरत सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो, मी सत्तर वर्षांची आहे. पट्ट्याची चाळीस वर्षं मला पुरली नाहीत तर बघू!” मला हा हिशेब फार आवडला. जमीन कायमची आपलीच हवी, हा हट्ट आपण शेतीच्या काळातून उचललेला आहे. निवृत्तीनंतर सावली आणि दवाखाना जवळ हवा, सातबारा कशाला?

पण त्याच पट्ट्याची दुसरी बाजू पाम स्प्रिंग्जच्या मधोमध आहे. तिला सेक्शन 14 म्हणतात. गावाच्या बाजारपेठेला लागून असलेला हा एक चौरस मैल जमातीचा. 1950च्या दशकापर्यंत कायद्याने पट्टा फार थोड्या वर्षांचाच करता येई, म्हणून मोठं बांधकाम करायला कोणी धजत नसे. तिथे राहिली ती हॉटेलात खोल्या झाडणारी, बागा राखणारी, बांधकामावर राबणारी काळी आणि मेक्सिकन कुटुंबं. गावात इतरत्र त्यांना घर मिळत नव्हतं. 1959मध्ये नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्याला परवानगी मिळाली आणि तीच जमीन सोन्याची झाली. पुढच्या काही वर्षांत घरं पाडली गेली, जाळलीही गेली, आणि त्यात नगरपालिकेची यंत्रणा राबली. 1968मध्ये राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या कार्यालयाने पालिकेवर कडक ताशेरे ओढणारा अहवाल दिला. जमिनीच्या मूळ मालकांचंही यात भलं झालं असं नाही. त्यांच्यापैकी अनेकांच्या मालमत्तेवर न्यायालयाने ‘पालक’ नेमले होते आणि त्या पालकांनी शुल्कापोटी किती ओरपलं हे एका स्थानिक वृत्तपत्राने उघड केलं. त्या वार्तांकनाला 1968चं पुलित्झर मिळालं. पालिकेने 2021मध्ये माफी मागितली आणि 2024मध्ये सेक्शन 14च्या जुन्या रहिवाशांशी 59 लाख डॉलरची तडजोड मंजूर केली.

हा इतिहास मी एवढा लांबवून सांगतोय, कारण विश्रामगाव म्हणजे काय हे त्यात उघडं पडतं. दमलेल्या माणसांना विसावा द्यायचा, तर त्यांच्यासाठी दमणारी माणसं लागतात, आणि ती कुठेतरी झोपणारच. कुठे, हा त्या गावाचा खरा प्रश्न. पाम स्प्रिंग्जने एकेकाळी त्याचं उत्तर काडी लावून दिलं. एरवी हे गाव उदार आहे. 2017च्या अखेरीस तिथल्या नगर परिषदेचे पाचही सदस्य समलिंगी, उभयलिंगी किंवा ट्रान्सजेंडर होते, आणि एरवी देशभर जे चेष्टेचा विषय ठरतात ते तिथे शेजारी म्हणून निवांत म्हातारे होतात. दोन्ही गोष्टी एकाच गावच्या आहेत.

विजेची रेषा कमी नाट्यमय आहे, पण खिशाला ती सगळ्यात आधी कळते. पश्चिमेकडच्या गावांत वीज येते खासगी एडिसन कंपनीकडून. पूर्वेकडच्या ला किंटा, इंडिओ, कोचेला या गावांत ती येते इंपिरियल इरिगेशन डिस्ट्रिक्ट (आयआयडी) या सार्वजनिक पाटबंधारे संस्थेकडून, आणि तिचे दर कमी आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये एसी रात्रंदिवस चालतो, तेव्हा हा फरक जाणवतोच. जुने रहिवासी नव्या माणसाला पहिला प्रश्न विचारतात तो हाच : ‘एडिसन की आयआयडी?’

काही रेषा माणसाने आखलेल्या नाहीत. खोऱ्याच्या ईशान्य बाजूने सॅन अँड्रियास भ्रंश जातो. डोंगराच्या पायथ्याशी ताडांची बनं एका ओळीत उभी दिसतात ती त्याच्याच कृपेने. भ्रंशाने दळलेला खडक जमिनीखालचं पाणी अडवतो, ते वर येतं आणि झाडं जगतात. डेझर्ट हॉट स्प्रिंग्जमध्ये तर भ्रंशाच्या एका बाजूला विहिरीला गरम पाणी लागतं आणि दुसऱ्या बाजूला थंड. त्या गरम पाण्यावर गावाचं नाव आणि छोटी छोटी स्नानगृहं उभी आहेत. भ्रंशाच्या पट्ट्यात घर असेल तर विक्रेत्याने ते सांगावं असा कॅलिफोर्नियाचा 1972चा कायदा आहे. सांगितलेलं ऐकायचं की नाही, हे घेणाऱ्यावर. वाऱ्याचंही तसंच. पाम स्प्रिंग्जचा दक्षिण भाग सॅन हासिंटोच्या आडोशाला, म्हणून शांत. पण त्याच डोंगरामुळे तिथे दुपारीच सावली उतरते. उत्तरेकडे खिंडीतला वारा वाळू घेऊन येतो आणि वादळात इंडियन कॅनियन ड्राइव्ह हा रस्ता बंद ठेवावा लागतो.

पाण्याबद्दल लोक घाबरून बोलतात, पण निवडीच्या दृष्टीने त्याने फारसा फरक पडत नाही, कारण नऊही गावं एकाच जमिनीखालच्या साठ्यावर जगतात. त्यात भर पडते ती कोलोरॅडो नदीच्या पाण्याची. उत्तर कॅलिफोर्नियातल्या पाण्यावर या खोऱ्याचा कागदोपत्री हक्क आहे, पण ते आणणारा कालवा इथवर पोचलेलाच नाही. म्हणून तो हक्क लॉस एंजेलिसकडच्या जलसंस्थेला द्यायचा आणि तिच्या जलवाहिनीतलं कोलोरॅडोचं पाणी घेऊन खिंडीच्या तोंडाशी जमिनीत मुरवायचं, असा अदलाबदलीचा सौदा चालतो. 2017मध्ये संघीय अपील न्यायालयाने त्या भूजलावर आग्वा कालिएंतेचाही राखीव हक्क आहे असा निकाल दिला. म्हणजे हिरवळीखालचं पाणीही शेवटी त्यांच्यापर्यंत जातं.

राहिल्या भिंती. रँचो मिराज, इंडियन वेल्स, ला किंटा इथली बरीच वस्ती फाटकाच्या आत आहे. आतले रस्ते खासगी, सोसायटीचं मासिक शुल्क जबर, नियम त्याहून. पाम डेझर्टजवळचं आणि इंडिओतलं ‘सन सिटी’ तर पंचावन्न वर्षांवरच्यांसाठीच. 1995च्या संघीय कायद्यानुसार अशा वस्तीतल्या किमान 80 टक्के घरांत पंचावन्न वर्षांवरचा निदान एक रहिवासी हवा. नातवंडांनी येऊन किती दिवस राहावं यालाही मर्यादा असते. सुट्टी लागली की नातवंडं महिनाभर आजोळी, असं गृहीत धरणाऱ्या आपल्या माणसांनी हा नियम सही करण्याआधी वाचलेला बरा. शांतता हवी म्हणून वय हेच फाटक करायचं, हे मला पटत नाही. पण ज्यांना पटतं ते तिथे आनंदात दिसतात, हेही खरं.

111वरून पूर्वेकडे जात राहिलं की गोल्फ संपतो आणि खजुराच्या बागा लागतात. पुढे थर्मल, मेक्का ही शेतमजुरांची वस्ती. थर्मलजवळच्या ओॲसिस नावाच्या मोबाइल-होम वस्तीत पिण्याच्या पाण्यात मर्यादेपेक्षा जास्त आर्सेनिक सापडलं आणि 2019मध्ये संघीय पर्यावरण संस्थेला तातडीचा आदेश काढावा लागला. इंडियन वेल्सच्या टेनिस स्टेडियमपासून हे अंतर गाडीने अर्ध्यापाऊण तासाचं. त्याच्याही खाली सॉल्टन सी. 1905मध्ये सिंचनाचा कालवा फुटून कोलोरॅडोचं पाणी इथे दोन वर्षं वाहत राहिलं आणि हा समुद्र झाला. 1950-60च्या दशकांत त्याच्या काठी बोट क्लब, मोटेल, प्लॉट विकले गेले. आज पाणी मागे हटतंय, खारटपणा वाढतोय आणि कोरड्या तळाची धूळ उडते. त्या प्लॉटांच्या जाहिरातींतही तेव्हा ऊन, पाणी आणि निवांतपणाच होता.

तेव्हा माझा निकष एकच आहे आणि तो घराच्या आत दिसत नाही. ज्या गावात आपला केर काढणारी बाई, बागवान, दवाखान्यातली नर्स हे त्याच गावात भाड्याने का होईना राहू शकतात, ते गाव राहण्याजोगं. बाकीची गावं चांगली हॉटेलं आहेत. हा निव्वळ नीतीचा मुद्दा नाही. 51 अंशांत एसी बंद पडल्यावर दुरुस्तीला येणारा माणूस डोंगरापलीकडून यायचा असेल तर सत्तरीच्या माणसाला ते परवडत नाही. शिवाय शाळा असलेलं, बस असलेलं, वाण्याचं दुकान असलेलं गाव ऑगस्टमध्येही गावच राहतं.

या निकषावर कॅथीड्रल सिटी आणि इंडिओ ही दोनच गावं माझ्या यादीत उरतात. कॅथीड्रल सिटीत 2021च्या मतदानात लोकांनी घरं सुट्टीवाल्यांना चार-चार दिवस भाड्याने देण्याचा बहुतेक धंदा बंद केला. शेजारी दर शुक्रवारी बदलू नये, एवढीच त्यांची मागणी होती. तरीही मला विचाराल तर मी इंडिओ सांगेन. नव्वद हजारांच्या आसपास वस्तीचं, खोऱ्यातलं सगळ्यात मोठं गाव, वीज स्वस्त, खजूर ताजा, आणि रेल्वेच्या काळापासून काम करणाऱ्यांचं. कोचेला नावाचा जगप्रसिद्ध संगीत महोत्सवही नाव सगळ्या खोऱ्याचं लावून भरतो इंडिओतच. त्याचे दोन आणि पाठोपाठच्या स्टेजकोच महोत्सवाचा एक, असे एप्रिलमधले तीन शनिवार-रविवार तेवढे गावाबाहेर काढावे लागतील.