खोडव्याचा कारभारी

प्रवरेच्या कालव्यावर, लोणीच्या शिवारात आबांची वस्ती होती आणि वस्तीभोवती चार एकर ऊस. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१चा, आणि आबांचा जन्मही त्याच हंगामातला. त्यामुळे ऊस आपल्याला जन्मापासून कळतो असं ते सांगत, आणि घरात कुणी ते खोडून काढत नसे. बेणं कोणतं आणायचं, सोसायटीचं कर्ज किती उचलायचं, खताची मात्रा किती, सगळं आबा ठरवत. मुलगा बापू पन्नाशीला आला होता, तरी पाटकऱ्याशी चार शब्द बोलायचे तर आधी आबांच्या तोंडाकडे बघे.

त्या वर्षी तोड फेब्रुवारीत झाली. टोळी वाढ्याच्या मोळ्या बांधून पुढच्या वस्तीवर गेली आणि रानात पाचटाचा, उसाच्या वाळल्या पानांचा, थर उरला. संध्याकाळी आबा काडेपेटी घेऊन बांधावर उभे राहिले. बापू मागोमाग आला.

"आबा, यंदा जाळायला नको. राहुरीच्या विद्यापीठाचे लोक किती वर्षं सांगतायत. बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचट सरीत दाबायचं, वर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवायचं संवर्धन टाकायचं. ओल टिकते, बुडख्यांतून फुटणाऱ्या खोडव्याला खत होतं."

"काडी लावली की एका रात्रीत रान मोकळं. मेलेलं रानात ठेवून काय पूजा करायची?"

"पण आबा..."

"सातबारा कुणाच्या नावावर आहे?"

बापू गप्प झाला. वारा वस्तीच्या दिशेनं होता, म्हणून जाळणं सकाळवर ढकललं गेलं. परत येताना अंधारात आबांचा पाय अडखळला आणि नडगी विहिरीजवळच्या लोखंडी पाइपावर आपटली. कातडी फाटली नाही, पण रात्रीतून पाय काळानिळा पडला. दुसऱ्या दिवशी त्यांना खाटेवरून उठवेना.

आता रानात कुणाचंच काही चालेना. आबांना जाळायला जाता येत नव्हतं आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय बापू पाचटाला हात लावत नव्हता. बुडखे छाटायचे दिवस सरत चालले. पाण्याची पाळी तोंडावर आली. पाचट ना जळलं, ना कुजायला लागलं.

आठवड्यानं नात घरी आली. ती लोणीलाच नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. आबांनी धोतर वर करून तिला पाय दाखवला. मधला भाग जांभळा होता, त्याच्या कडेनं हिरवट पट्टा आणि त्याच्याही बाहेर पिवळं.

"हिरवं पडलंय गं. आत सडतंय की काय?"

तिनं बोटानं हलकेच दाबून पाहिलं. "सडत नाही आबा, साफसफाई चाललीय. मार लागला तेव्हा बारीक रक्तवाहिन्या फुटल्या आणि रक्त कातडीखाली सांडलं. आता शरीरातल्या भक्षक पेशी ते उचलतायत. रक्ताचा लाल रंग मोडला की आधी हिरवं द्रव्य होतं, मग पिवळं. बाहेरच्या कडेला काम पुढं गेलंय, म्हणून तिथं पिवळं. मधे अजून चालू आहे."

"म्हणजे मार लागल्यावरच हे लोक कामाला येतात?"

"छे. मार हे जादा काम झालं. रोजचं काम याहून मोठं आहे. रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. दर सेकंदाला अशा वीसएक लाख पेशी शरीरातून काढल्या जातात आणि तेवढ्याच नव्या येतात. प्लीहा आणि यकृतात भक्षक पेशी बसलेल्या असतात. त्या म्हाताऱ्या पेशीला अख्खीच्या अख्खी आत घेतात आणि मोडतात. आपल्याला पत्ताही लागत नाही."

"आणि राख कुठं टाकतात?"

नात हसली. "राख होतच नाही. लोह जपून काढतात आणि नव्या रक्तासाठी हाडांतल्या मज्जेकडे पाठवतात. रोज २० मिलिग्रॅमच्या आसपास लोह असं परत वापरात येतं. जेवणातून अंगी लागतं ते फार तर एक-दोन मिलिग्रॅम. बापू पाचटाचं म्हणतायत ना, तुमच्या अंगात तेच चाललंय."

आबांना ते रुचलं नाही, पण त्यांनी विषय सोडला नाही. "जाळून टाकलं तर काय बिघडतं?"

"शरीरातही जळतं कधी कधी. पेशी वेळेत उचलली गेली नाही तर ती फुटते. आतला माल शेजारच्या पेशींवर सांडतो, मग सूज येते, लाली येते, ठणका लागतो. वेळेत उचलली तर शेजाऱ्याला झळ पोचत नाही. उलट खाणारी पेशीच आजूबाजूला शांत राहायचा संदेश देते."

बापू दारात उभा राहून ऐकत होता. आबांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि नातीला विचारलं, "पण खाणाऱ्याला कळतं कसं, कुणाची वेळ भरली ते? चांगल्या पेशीला उचललं म्हणजे?"

"चांगल्या पेशीच्या अंगावर एक प्रथिन असतं, सीडी४७ म्हणतात. मला खाऊ नका, असं ते सांगतं. वय झालं की त्याचा जोर ओसरतो. आणि फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचं एक स्निग्ध द्रव्य आहे. उभ्या आयुष्यात पेशी ते आवरणाच्या आतल्या बाजूला ठेवते. वेळ भरली की ते बाहेरच्या बाजूला येतं. ती खूण दिसली की भक्षक पेशी जवळ येते."

"म्हणजे खूण तिची तीच काढते?"

"तिची तीच."

"आणि एखादीनं नाहीच काढली? मला खाऊ नका, हेच धरून बसली तर?"

नातीला उत्तर ठाऊक होतं, पण ती क्षणभर घुटमळली. "तशा असतात आबा. कर्करोगाच्या कितीतरी पेशी ते प्रथिन अंगावर भरपूर वाढवून घेतात. भक्षक पेशी समोर येऊनही हात लावत नाहीत. मग कर्करोगाच्या पेशी वाढत राहतात, आणि बाकीच्यांचं खाणं-पाणी त्यांच्याकडे जातं."

आबा पुढं काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर त्यांनी बापूला खाटेजवळ बसवलं.

"उद्या बुडखे छाटून घे. पाचटाचं तुला वाटतं तसं कर. कारखान्यात, सोसायटीत, पाण्याच्या कामाला यापुढं तू जायचं. मला विचारायचं असेल तर विचार, पण विचारलंच पाहिजे असं नाही."

पुढचे काही दिवस आबा काठी टेकत बापूबरोबर रानात फिरले. पाइपलाइनचे सांधे कुठं पुरलेत, कोणता कोपरा चोपण आहे, कोणत्या सरीला पाणी उशिरा पोचतं, कोणत्या शेजाऱ्याशी बांधाचं काय ठरलं होतं, हे सगळं आजवर फक्त त्यांच्या डोक्यात होतं. बापूनं वहीत उतरवून घेतलं.

खोडवा काही विक्रमी आला नाही. बापूनं एका तुकड्यात युरिया जास्त टाकला आणि तो चुकला. पण उन्हाळ्यात पाळी लांबली तेव्हा पाचटाखालची ओल टिकून होती, आणि बांधावर पाटकऱ्याशी बापू एकटा बोलत होता. कुणी आबांना विचारायला आलं तर ते सांगत, "कारभार बापूकडे आहे."

तात्पर्य : वेळ भरल्याची खूण ज्याची त्यानंच द्यावी, आणि जवळचं लोह मागच्याच्या हाती देऊन बाजूला व्हावं. जागा अडवून बसणाऱ्याचं शहाणपण त्याच्याबरोबरच वाया जातं.