वैमानिकाचा नकार

संघटना म्हटली, की आपल्या डोळ्यांपुढे गिरणीचा भोंगा आणि बंद फाटक उभे राहते. सोनेरी पट्ट्यांचा गणवेश घालणाऱ्या, भरघोस पगार घेणाऱ्या वैमानिकाला ती कशाला हवी? त्यातून मालक सज्जन असला, तर मग बोलायलाच नको!

अमेरिकेतील जेटब्लू या कंपनीत असेच घडले. तेथे प्रत्येक वैमानिकाचा कंपनीशी स्वतंत्र करार असे. २०११ साली तेथल्या वैमानिकांनी मतदान करून संघटना नाकारली आणि २०१४ साली पुन्हा मतदान करून तीच स्वीकारली. मला यात विसंगती दिसत नाही. एकत्र कुटुंबाचा कर्ता देवमाणूस असला, तरी घरच्या सुनेला त्याच्यापुढे हात पसरावाच लागतो. मिळते सगळे, पण मागून मिळणे निराळे आणि आपले असणे निराळे.

वैमानिकाच्या बाबतीत तर प्रश्न पैशापाशी संपत नाही. ‘मी थकलो आहे, आज विमान नेणार नाही,’ हे वाक्य एकट्याने उच्चारणे किती कठीण! त्याच्या जागी दुसरा तयार असतो आणि नोकरी गेली तर घर उघडे पडते. सदसद्विवेकबुद्धी एकट्याची असते हे खरे. पण तिची किंमतही एकट्यानेच मोजावी, असे म्हणणे क्रूरपणाचे आहे. अमेरिकेतील वैमानिकांची संघटना १९३१ साली, ऐन मंदीत, उभी राहिली. १९३४ साली सरकारी निवाड्याने उड्डाणावर महिन्याला ८५ तासांची मर्यादा घातली. आपल्याकडेही वैमानिकांच्या संघटनांनी विश्रांतीसाठी दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावले आणि २०२५ साली साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली. त्याच डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. ताटकळलेला उतारू संतापला, यात नवल नाही. परंतु पेंगुळलेल्या माणसाच्या हाती आपली मुलेबाळे द्यावीत, असे त्यालाही वाटले नसते.

मात्र संघटना म्हणजे पुण्याईचा ठेवा नव्हे. ईस्टर्न एअर लाइन्समध्ये १९८९ साली यंत्रज्ञांच्या संपाला वैमानिकांनी साथ दिली. १९९१ च्या जानेवारीत कंपनीच बंद पडली. दोष मालकाचा की संपाचा, हा वाद बाजूला ठेवू. संपात नसलेल्यांच्याही चुली विझल्या, हे विसरता येत नाही. आपल्या हट्टाची झळ कोणाला लागते, हे पाहण्याचे भान एकजुटीने आपोआप येत नाही.

म्हणून माझे मत असे : संघटना हवी, सज्जन मालकाच्या पदरीही हवी, कारण मालक बदलतात. पण तिच्या प्रत्येक मागणीला एक प्रश्न विचारावा : यात मागे बसलेल्या उतारूचे काही हित आहे का? कचेरीतला व्यवस्थापक जमिनीवर असतो; वैमानिक आणि उतारू मात्र एकाच विमानात असतात. पगारवाढ मागायलाही संघटनेला हरकत नाही. पण थकलेल्या माणसाचा नकार तिने पाठीशी घातला नाही, तर तिच्या असण्याला फारसा अर्थ उरत नाही.