सूर लावणे हीही साधनाच

आपल्या घरांत गाणे ऐकले पुष्कळ जाते, गायले मात्र कमी जाते. ‘मला गळा नाही’ म्हणून मोठी माणसे गप्प बसतात आणि दहावीचे वर्ष आले की मुलांची पेटी-तबल्याची शिकवणी आधी बंद होते.

पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांची दृष्टी बालपणी फटाक्यामुळे अधू झाली. पुढे मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी ते गायन शिकले आणि १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. सामान्य घरांतील माणसांनाही संगीत शिकता यावे, ही त्यांची तळमळ होती.

संगीत शिकताना काय घडते? सूर लावण्याआधी तानपुरा ऐकावा लागतो. बोलण्याआधी ऐकण्याची सवय लागते. सूर लांबवताना श्वास संथ होतो आणि मनाची धावपळ शमू लागते. तीनतालाच्या १६ मात्रा सांभाळून समेवर यायचे, तर चित्त भटकून चालत नाही. हीच एकाग्रता मुलांना अभ्यासातही उपयोगी पडते. सामूहिक भजनात आपलाच आवाज वर चढवला की भजन बिघडते. तिथे ‘मी’ला थोडे मागे सरावेच लागते.

म्हणून परीक्षेच्या वर्षीही मुलांचा रियाज दहा मिनिटे तरी चालू ठेवावा. आज संध्याकाळी दिवा लावल्यावर घरातील सर्वांनी मिळून एक भजन म्हणावे. सूर चुकला तरी चालेल. तो गाता गाताच सुधारतो.