आप्त कोणास म्हणावे?

लस टोचून घेतली म्हणजे देवावरचा भरवसा ढळला असे होते काय, आणि ती घेऊ नका असे सांगणाऱ्याच्या माथी काही दोष येतो काय, हे दोन प्रश्न गेली काही वर्षे कीर्तन आटोपल्यावर श्रोते आम्हांस विचारतात. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. दुसरे आम्हांस फार जड गेले, कारण त्यात आमचाच हिशेब आहे.

वारीला निघताना आपण पायांत वहाणा घालतो, पावसासाठी इरले घेतो, पडशीत भाकर बांधतो. तेवढ्याने कोणाची निष्ठा उणी होत नाही. आमच्या आजी देवीच्या रोगाला देवीच मानीत, हात जोडीत. तरी आमच्या दंडावर देवी टोचून घेतल्या त्यांनीच. तो व्रण अजून आहे. रोग मात्र जगातून गेला, असे जागतिक आरोग्य संघटनेने 1980 साली जाहीर केले. 2020 आणि 2021 साली संतांच्या पादुका एस.टी.तून पंढरीस गेल्या, म्हणून काही वारी मोडली नाही. देह पांडुरंगाने दिला आहे. दिलेली वस्तू सांभाळणे हा देणाऱ्यावरचा अविश्वास कसा होईल?

आता दुसरा प्रश्न. मार्च 2021 मध्ये शिरूर अनंतपाळास एका घरच्या ओसरीवर आम्ही चार माणसे भजनास बसलो होतो. साठीपुढच्या मंडळींना करोनाची लस नुकतीच सुरू झाली होती. भजन संपल्यावर एका वृद्ध विणेकऱ्यांनी विचारले, "म्हाराज, ती सुई घ्यावी का न्हाई? पोरं नगं म्हनत्यात." आम्ही म्हणालो, "पांडुरंगाच्या मनात असेल तसं होईल, माउली. एवढी घाई कशाला?" बोलताना ते वाक्य आम्हांस मोठे शोभिवंत वाटले. त्यांनी मान डोलावली, पाया पडले आणि घरी गेले. सुई घेतली नाही. मे महिन्यात ते गेले.

लस घेतली असती तर ते वाचलेच असते, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. पण त्यांनी विचारले होते, आणि आम्हांस ठाऊक नव्हते. 'ठाऊक नाही' हे दोन शब्द आमच्या तोंडून निघाले नाहीत. आमचे अज्ञान आम्ही पांडुरंगाच्या नावावर खपविले.

शंका घेणे हा दोष नव्हे. न्यायशास्त्राने संशयाला आपल्या सोळा पदार्थांत स्थान दिले आहे. संशयापासून विचाराला आरंभ होतो आणि निर्णयापाशी तो थांबतो. गीतेच्या चौथ्या अध्यायात संशयी माणसाचा नाश सांगितला आहे, हे सगळे ऐकवतात. त्याच अध्यायात जाणत्यापाशी नम्रतेने जाऊन विचारावे असेही सांगितले आहे, ते मात्र राहून जाते.

आणि लसीविषयीच्या शंकेला कधीच आधार नसतो, असेही नाही. 1896 साली मुंबईत प्लेग आला. हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने तेथे प्लेगची लस केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे 1902 साली पंजाबातल्या मलकोवाल गावी 107 जणांना ती टोचली, त्यांतले 19 जण धनुर्वाताने मेले. ते सारे एकाच कुपीतून टोचलेले होते. हाफकिनवर ठपका आला, त्याचे पद गेले. दोष त्याच्या प्रयोगशाळेचा नव्हता, हे मान्य व्हायला 1907 साल उजाडले. चूक लपवून भागत नाही, आणि एका कुपीची चूक साऱ्या लसीच्या माथी मारूनही भागत नाही. अलीकडच्या कोव्हिशील्डमुळेही अत्यंत क्वचित् रक्तात गुठळ्या होतात, हे खरे आहे. ते जाणत्यांनीच शोधून सांगितले.

आप्त कोण, याचे लक्षण न्यायभाष्यकार वात्स्यायनांनी दिले आहे. ज्याने वस्तू स्वतः जाणली आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांस सारखेच लागू आहे, असेही ते म्हणतात. म्हणजे ओडेसा शहरी जन्मलेला ज्यू हाफकिन लसीच्या बाबतीत आप्त, आणि गळ्यात तुळशीमाळ घालून जन्मभर कीर्तन करणारे आम्ही त्या बाबतीत आप्त नव्हे! 'लस घेणारा दोन वर्षांत मरतो' हा निरोप फोनवरून ज्याने पुढे ढकलला, त्याने तरी काय जाणले होते? ती दोन वर्षे केव्हाच सरली. लस घेतलेले टाळकरी अजून आमच्या मागे टाळ वाजवीत आहेत.

तेव्हा विचारावे ते आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना, नर्सबाईंना, गावच्या आशाताईंना. काय त्रास होतो, किती जणांस होतो, कोणी घेऊ नये, हे मोकळेपणी विचारावे. त्यांनीही न चिडता खरे ते सांगावे. जाणून जो सांगत नाही, तोही आप्त नव्हे.

2022 साली मुंबईत गोवंडीला आणि मालेगावी गोवराची साथ आली, लहान लेकरे दगावली. त्या लेकरांनी कसली शंका घेतली होती? निर्णय मोठ्यांचा असतो आणि भोग त्यांच्या वाट्याला येतो. म्हणून कीर्तनकार बंधूंस आमची विनंती आहे. नारदाच्या गादीवर उभ्या माणसाचा शब्द लोक देवाचा म्हणून घरी नेतात. जे आपण जाणत नाही, तेथे देवाला पुढे करू नये. आता कोणी विचारले, तर आम्ही म्हणतो, "आम्हांस ठाऊक नाही, माउली. चला, दवाखान्यात जाऊन विचारू." आणि बरोबर जातो. त्या ओसरीवर एवढेच करायचे राहिले होते.

रामकृष्णहरि.